गुलाबी वर्गाचे कागद

माझी बहीण सुकन्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला पास झाली, सोलापुरातच एका दवाखान्यात कामाला लागली, आणि हे सगळं झालं आमच्या संघाच्या टॉवेलांमुळे.

वरचं वाक्य रद्द समजावं. असं काही घडलेलं नाही. संघाच्या दफ्तरात तशी नोंद नाही, आणि जे दफ्तरात नाही ते घडलेलं नसतं, हे मला आमच्या सचिवसाहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. तेव्हा नव्यानं सुरुवात करू. सुकन्याचं शेवटचं वर्ष चालू आहे, दसरा तोंडावर आलाय, आणि मी अभिलेख कक्षात उभा राहून कागद फाडतोय.

संघ म्हणजे टॉवेल उत्पादकांचा सहकारी संघ. पूर्ण नाव इथं देत नाही, कारण ते लेटरहेडवर छापलं की खाली पत्र लिहायला जागा उरत नाही. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत ऑफिस, ऑफिसच्या मागं गोदाम, गोदामाच्या पोटात एक खोली. तोच अभिलेख कक्ष. बाकीच्या जगात टॉवेलनं अंग पुसतात. आमच्याकडं त्यात जुने कागद बांधतात.

कचेऱ्यांमध्ये जुन्या कागदांचे गठ्ठे रंगीत रुमालात बांधायची रीत असते. पण रुमाल विकत आणावे लागतात, आणि टॉवेलच्या संघानं रुमाल विकत आणणं म्हणजे म्हशीवाल्यानं पिशवीचं दूध आणण्यासारखं. म्हणून मागावर ज्यांचा काठ वाकडा गेला ते रिजेक्ट टॉवेल आमच्या खोलीत यायचे. तांबडा टॉवेल म्हणजे अ वर्ग, कायम जपायचा. हिरवा ब वर्ग, तीस वर्षं. पिवळा क वर्ग, दहा वर्षं. पांढरा ड वर्ग, वर्षभर ठेवायचा आणि फाडायचा. कुठल्या कागदाचं आयुष्य किती ते फक्त टॉवेलवरून कळायचं. कागदावर वर्ग लिहिलेला नव्हता. माझ्याआधीचे रेकॉर्ड कीपर गुरुबसप्पा हे शाई वाचवणारे गृहस्थ होते. टॉवेल असताना लिहायचं कशाला, हे त्यांचं धोरण. आता ते नाहीत. शाई शिल्लक आहे.

माझ्या नेमणुकीच्या आदेशात लिहिलं होतं, 'मुदत संपलेल्या कागदांचे नष्टीकरण पूर्ण होईपर्यंत'. म्हणजे मी जितकं चांगलं काम करीन तितका लवकर घरी जाईन. अशा अटीवर पूर्वी फक्त जत्रेचा बोकड पाळायचे.

घर सांगोला तालुक्यात. तिथं वडील, येडू मेटकरी, आणि त्यांची मेंढरं. वडिलांचा फोन आला की शेवटी एकच वाक्य असायचं, "काम सुटलं तर ये की हिकडं. मेंढरं हायतच." मेंढरं होती, पण ती मला मोजत नव्हती. लहानपणी मी त्यांना राखायला न्यायचो आणि संध्याकाळी ती मला घरी आणून सोडायची.

माझं काही नव्हतं. प्रश्न सुकन्याचा होता. विडी घरकुल वसाहतीत आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. भाडं, किराणा, तिची फी, सगळं माझ्या पगारावर. पगार थांबला की खोली थांबणार, खोली थांबली की तिचं कॉलेज. सांगोल्याहून रोज येऊन सकाळची ड्यूटी धरणं शक्य नव्हतं. तिला हे माहीत होतं, म्हणून ती कधी विचारायची नाही. फक्त रोज जेवताना म्हणायची, "आज कमी फाडलंस ना?"

मी शक्य तितकं कमी फाडत होतो. पण चेअरमन उदयसिंह यांना त्या खोलीत टॉवेलचं शोरूम काढायचं होतं, एसी लावून. ते रोज दारात येऊन एसी कुठं बसेल त्या कोपऱ्याकडं प्रेमानं बघायचे. "दिवाळीला खोली मोकळी पाहिजे," एवढंच म्हणायचे आणि जायचे.

आता सचिवसाहेब. सिद्धलिंगप्पा. कपाळावर विभूती, खिशाला दोन पेनं, आणि अख्खी जतन नियमावली तोंडपाठ. त्यांच्या घरची एक गोष्ट संघात सांगितली जायची. सुनेनं विचारलं, "मामा, ही वांग्याची भाजी उद्यापर्यंत ठेवू का?" तर साहेब म्हणाले, "कुठल्या वर्गातली आहे?"

नवरात्र बसलं त्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं.

"मेटकरी, पांढरे किती राहिले?"

"दोन कपाटं, साहेब."

"हळू काम करता."

"हो, साहेब."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "इथं कोणाजवळ राहता?"

"मी आणि बहीण, साहेब. नर्सिंगला आहे. शेवटचं वर्ष."

"परीक्षा?"

"मेमध्ये. निकाल जूनमध्ये."

"हं," साहेब म्हणाले.

साहेबांचा 'हं' अ वर्गातला होता. त्याच्यात काय आहे ते कुणाला कळायचं नाही, पण एकदा निघाला की कायम राहायचा.

खंडेनवमीला मागवाले मागाची पूजा करतात, ड्रायव्हर गाडीची. संघात गठ्ठ्यांची पूजा व्हायची. त्याआधी सगळे टॉवेल सोडायचे, धुवायचे, वाळवायचे, पुन्हा बांधायचे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक झेंडूचं फूल. धुण्याचं काम बाळाबाईंचं. त्यांचं सासर मंद्रूपचं, संघात त्या झाडलोट आणि चहा बघायच्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. एका दिवशी एकच रंग. आधी पांढरे, मग पिवळे, मग हिरवे, आणि सगळ्यात शेवटी तांबडे. एका रंगाचे टॉवेल बांधून झाल्याशिवाय दुसऱ्या रंगाची गाठ सोडायची नाही.

यंदा नवमीच्या आदल्या सकाळी नळाला पाणी आलं, बऱ्याच दिवसांनी. बाळाबाईंनी मागच्या अंगणात हंडा तापत ठेवला आणि पांढरे टॉवेल काढले. तेवढ्यात साहेब तिथं आले. साहेब अंगणात कधीच यायचे नाहीत. अंगण नियमावलीत नव्हतं.

"पाणी परत कधी येईल सांगता येत नाही," ते म्हणाले. "सगळे टॉवेल आजच धुवायचे."

"सगळं?" बाळाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "साहेब, तांबडं रंग सोडतंय वो. बाकीच्याचं पार वाटुळं हुईल की!"

साहेबांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "एल्ला ओंदे सला हाकु."

बाळाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं."

मला कानडी येत नाही. आमच्या सांगोल्याकडं मेंढरांनासुद्धा मराठीच कळतं. साहेब आत गेल्यावर मी विचारलं, "मावशी, काय म्हणाले?"

"पानी चांगलं कडक कर म्हनले," बाळाबाई म्हणाल्या आणि हंड्यात ओंजळभर सोडा टाकला.

मी सगळ्या गठ्ठ्यांच्या गाठी सोडल्या. उघडे कागद खोलीभर पसरले. साहेब दारात आले.

"मेटकरी, कागद आकाराप्रमाणे रॅकला लावा. मोठे खाली, लहान वर. नीटनेटकं दिसतं."

"वर्गाप्रमाणे नको का, साहेब?"

"वर्ग टॉवेलला असतो. टॉवेल धुवायला गेलाय."

हे मला पटलं. मी हुशार आहे असं या गोष्टीत कुठंही म्हटलेलं नाही. संध्याकाळपर्यंत मी सगळं दफ्तर उंचीप्रमाणे उभं केलं. शाळेतल्या कवायतीसारखं सुंदर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवर टॉवेल वाळले होते. पांढरे गुलाबी झाले होते. पिवळे शेंदरी गुलाबी. हिरव्यांचा रंग सांगता येत नव्हता, पण त्यांनाही गुलाबी व्हायची इच्छा होती हे दिसत होतं. तांबड्यांनी इतकं दिलं होतं की ते स्वतःच गुलाबी उरले होते.

"शिमगाच झाला की रं," बाळाबाई म्हणाल्या. आवाजात दुःख होतं. चेहऱ्यावर नव्हतं.

पूजेचा नारळ घेऊन चेअरमन आले आणि दोरीपाशी थांबले.

"हे काय आहे?"

"टॉवेल, साहेब," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला. कुठला टॉवेल कुठला आहे?"

सचिवसाहेब पुढं झाले, एक टॉवेल चिमटीत धरून त्यांनी उजेडात बघितला. "नियमावलीत चार रंग आहेत. हा पाचवा."

"अहो, गुलाबी म्हणजे फिक्का तांबडाच ना? तांबडा धरा."

"मग सगळं अ वर्गात जाईल. कायम ठेवावं लागेल. खोली कायमची गेली."

"मग पांढरा धरा! मळलेला पांढरा!"

"मग सगळं फाडावं लागेल. त्यात या जागेचा खरेदीदस्त पण आहे. जागा आपली आहे हे उद्या कशावरून दाखवायचं? शोरूम कोणाच्या जागेत?"

चेअरमननी हातातल्या नारळाकडं बघितलं. नारळाला काही सुचत नव्हतं. "कागदावर काय लिहिलंय का बघा की."

"गुरुबसप्पा लिहीत नव्हते," साहेब म्हणाले.

"मग मार्ग काय?"

"प्रत्येक कागद वाचायचा. त्याचा वर्ग नव्यानं ठरवायचा आणि कागदावरच लिहायचा. तोपर्यंत एकही कागद फाडायचा नाही."

"एवढं वाचणार कोण?"

"ज्याची नेमणूक आहे तो."

"किती दिवस?"

"जूनअखेर," साहेब म्हणाले.

"इतके?"

"हळू काम करतात ते."

चेअरमननी मग दोष कोणाचा ते ठरवायला सांगितलं. बाळाबाई म्हणाल्या, "म्या धुतलं." मी म्हणालो, "कागद मी लावले." साहेबांनी दोघांनाही हातानं थांबवलं. "आदेश तोंडी होता. तोंडी आदेशाची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे आदेश झालाच नाही. आणि आदेशाशिवाय काम होत नाही, म्हणजे धुणंही झालेलं नाही."

"मग हे ओले कशानं झाले?" चेअरमन ओरडले.

"आता वाळलेत," साहेब म्हणाले.

चेअरमननी नारळ फोडला. जरा जास्तच जोरात. आम्ही गुलाबी गठ्ठे बांधले, झेंडूची फुलं वाहिली आणि शेंगाची पोळी खाऊन घरी गेलो. त्या रात्री सुकन्यानं विचारलं, "आज किती फाडलंस?" मी म्हणालो, "जूनपर्यंत काहीच नाही." तिनं ताट खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि आणखी एक भाकरी घेतली.

पुढचे महिने मी वाचत होतो. संघाचा सगळा इतिहास माझ्या डोळ्यांखालून गेला. एका व्यापाऱ्याची तक्रार सापडली, की तुमचा टॉवेल फार पाणी शोषतो. एक ठराव सापडला, वॉचमनसाठी छत्री घेणेबाबत. पुढच्या वर्षीचा ठराव, सदर छत्रीचा शोध घेणेबाबत. त्याच्या पुढच्या वर्षीचा, सदर वॉचमनचा शोध घेणेबाबत.

"साहेब, हे कुठल्या वर्गात?"

"छत्री सापडली का?"

"नाही."

"मग प्रकरण प्रलंबित आहे. फाडता येत नाही."

चेअरमन मधूनमधून दारात यायचे. एसीच्या कोपऱ्यात आता मोठ्या आकाराचे कागद होते. तो कोपरा ते इतक्या हळवेपणानं बघायचे की मलाच वाईट वाटायचं. दिवाळी गेली, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा गेली, ऊन वाढलं, आणि सुकन्याच्या वॉर्डातल्या ड्यूट्या वाढल्या.

वॉर्डात अक्कलकोट आणि त्याच्या पलीकडचे कितीतरी पेशंट. त्यांच्याशी बोलायला ती कानडी शिकत होती. स्वयंपाक करता करता वाक्यं घोकायची. पेशंट म्हणून मला समोर बसवायची.

"अज्जा, गुळिगे एल्ला ओंदे सला तगोबॅड्री," ती लाटण्यानं मला दटावत म्हणाली.

"काय?"

"आजोबा, गोळ्या सगळ्या एकदम घेऊ नका. काही म्हातारे दिवसभराच्या एकाच घोटात घेतात की."

मी भाकरी मोडत होतो ती हातातच राहिली. "एल्ला ओंदे सला म्हणजे?"

"सगळं एकदम."

"आणि पुढं 'हाकु' असलं तर?"

"सगळं एकदम टाक. का रे?"

"काही नाही," मी म्हणालो. "एक टॉवेल आठवला."

त्या रात्री मी सगळं पुन्हा मांडलं. तीस वर्षं टॉवेलच्या संघात काढलेल्या माणसाला तांबडा रंग सुटतो हे माहीत नव्हतं असं धरता येत नाही. सोलापुरात ते पाळण्यातच कळतं. बाळाबाईंनी तर तोंडावर सांगितलं होतं. मग आकाराप्रमाणे लावलेले कागद. मग जूनअखेर. ज्या माणसानं आयुष्यात एक कागद चुकीच्या गठ्ठ्यात जाऊ दिला नाही, त्यानं एका पोरीच्या परीक्षेसाठी सगळं दफ्तर एका हंड्यात बुडवलं होतं. आणि बुडवताना मला कळू नये म्हणून भाषा बदलली होती.

सकाळी मी बाळाबाईंना गाठलं. "मावशी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साहेब काय म्हणाले ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"मला कुटं कानडी येतीय?" बाळाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं आहे, आणि आदल्याच दिवशी त्यांनी फाटकाबाहेर लिंबूवाल्याला कानडीतून इतकं झापलं होतं की त्यानं दोन लिंबं फुकट दिली होती.

मग मी साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"साहेब, आभार मानायचे होते."

"कशाबद्दल?"

"टॉवेलांबद्दल."

साहेबांनी वर बघितलं नाही. "लेखी द्या."

"लेखी दिलं तर ते दफ्तरी लागेल, साहेब. जपावं लागेल. चेअरमनसाहेबही वाचतील."

"मग देऊ नका."

मी तिथंच उभा राहिलो. साहेबांनी पान उलटलं. मग म्हणाले, "अभ्यास करते का?"

"करते, साहेब. पहाटे उठते."

"हं."

जूनमध्ये निकाल लागला. पहिलं वाक्य आता पुन्हा लागू समजावं.

सुकन्या पेढे घेऊन संघात आली. पहिला पेढा साहेबांना. त्यांनी पेढा सगळ्या बाजूंनी तपासला.

"मुदत किती?"

"चार दिवस, साहेब," सुकन्या म्हणाली. "फ्रिजमध्ये आठ."

"ड वर्ग," साहेब म्हणाले आणि लगेच नष्ट केला. मग दुसराही केला. ती पाया पडायला वाकली, तेव्हा म्हणाले, "हे नियमात नाही." पण पाय मागं घेतले नाहीत. बाळाबाई दारात उभ्या राहून पदरानं नाक पुसत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, झाडताना धूळ गेली. झाडू चहाच्या टेबलाला टेकवलेला होता.

माझं वाचन संपलं आहे. शेवटच्या कागदावर वर्ग लिहून झाला. खरेदीदस्त अ वर्गात गेला, छत्री प्रलंबित राहिली, आणि फाडायचं ते फाडून झालं. खोली मोकळी आहे. एसीवाला येऊन भिंत मोजून गेला. चेअरमन त्याच्यामागून टेप धरून फिरत होते, लग्नघरातल्या माणसासारखे. या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझी नेमणूक संपते. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "ये की मग. मेंढरांनी तुला आता वळखलं न्हाई तरी सुकी कमावतीया, काय बिघडत न्हाई." त्याच दिवशी साहेबही निवृत्त होतात. वयाची अट. ती नियमावलीच्या पहिल्याच पानावर आहे, आणि ते पान त्यांनी स्वतः टाइप केलेलं आहे.

लेखी द्या, असं साहेब म्हणाले होते. तो आदेश तोंडी होता, म्हणून आजवर पाळला नाही. आज पाळतो.

प्रति,
मा. चेअरमनसाहेब, यांचे सेवेशी.

विषय: श्री. सिद्धलिंगप्पा, सचिव, यांना अ वर्गात घेणेबाबत.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, वरील सचिवांची मुदत महिनाअखेर संपत असल्याचे संघाच्या सूचनाफलकावरून समजले. नियमानुसार, मुदत संपलेली कोणतीही बाब दफ्तरातून काढून टाकण्यापूर्वी तिचा वर्ग फिरून तपासणे बंधनकारक आहे. सदर तपासणी अर्जदाराने स्वतः केली असून, सचिवांना लावलेला वर्ग चुकीचा असल्याचे आढळून आले आहे. चूक धुण्यात झालेली नाही.

तरी त्यांना तात्काळ अ वर्गात घेऊन संघाच्या कोरड्या, वाळवी नसलेल्या जागी, शक्यतो खिडकीजवळच्या त्यांच्याच खुर्चीत, कायमस्वरूपी जतन करण्यात यावे. दर खंडेनवमीस त्यांना एक झेंडूचे फूल वाहण्यात यावे. त्यांच्यासोबत श्रीमती बाळाबाई यांनाही जोडपत्र म्हणून जोडण्यात यावे, कारण मूळ कागदापासून जोडपत्र वेगळे करता येत नाही.

सदर अर्जाचा वर्ग ड धरण्यास अर्जदाराची हरकत नाही. मात्र फाडण्यापूर्वी तो साहेबांसमोर एकदा मोठ्याने वाचण्यात यावा, आणि त्यावर ते जो 'हं' म्हणतील तो या गुलाबी टॉवेलात बांधून संघाच्या दफ्तरी कायम ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
जोतिराम येडू मेटकरी

सोबत: टॉवेल, एक.